रोइंग मशीन निर्दोष असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
शारीरिक क्षमता चाचणी विभाग,
अग्निशमन मुख्यालय.

अर्जदार : अग्निशामक, गाडी क्रमांक दोन (२१ ऑगस्टपासून अभिलेख कक्षात नेमणूक)

विषय : व्यायामशाळेतील रोइंग मशीनविरुद्धची तक्रार मागे घेणे, तसेच पाचशे मीटरच्या फेरचाचणीसाठी तारीख मिळणे.

संदर्भ : १) २० ऑगस्टची क्षमता चाचणी, निकाल ‘अपात्र’.
२) अर्जदाराचा २२ ऑगस्टचा तक्रार अर्ज.

महोदय,

१. संदर्भ क्रमांक दोनच्या अर्जात अर्जदाराने व्यायामशाळेतील रोइंग मशीनबद्दल ‘खोटारडे’, ‘कपटी’ आणि एका ठिकाणी ‘विकले गेलेले’ असे शब्द वापरले होते. ते सर्व शब्द अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. मशीन पहिल्या दिवसापासून खरे बोलत होते. ते कोणी ऐकू दिले नाही, ती हकिगत पुढीलप्रमाणे.

२. अर्जदार एक्कावन्न वर्षांचा असून तेवीस वर्षे गाडी क्रमांक दोनवर आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी रोइंग मशीनवर पाचशे मीटर अंतर एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांत कापावे, अन्यथा गाडीवरून उतरून टेबलावर बसावे, हा नियम आपणांस माहीत आहेच. नियमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पाण्याने भरलेली नळी तीन मजले ओढता येत नसेल, तर माणसाने गाडीवर चढू नये, हे अर्जदारासही पटते.

३. अर्जदाराने यापूर्वी आयुष्यात वल्हे हाती धरलेले नव्हते. त्याचा जोडीदार मात्र तरुणपणी होड्यांच्या शर्यतीत उतरलेला. या जोडीदारास उंचीमुळे केंद्रात सगळे ‘शिडी’ म्हणतात, म्हणून या अर्जातही तेच नाव वापरले आहे. जानेवारीत शिडी स्वतःहून म्हणाला, “तू फक्त ये. ऑगस्टपर्यंत तुला मी पक्का तयार करतो.” तेवीसपैकी अठरा वर्षे अर्जदार त्याच्या शेजारी बसला आहे. गेल्या वर्षी गोदामाच्या आगीत जिना कोसळला, तेव्हा चाळीस मिनिटांनी अर्जदाराला ढिगाऱ्यातून ज्याने बाहेर ओढले, तो शिडीच. अशा माणसाने ‘ये’ म्हटल्यावर मनात शंका येत नाही. अर्जदार गेला.

४. ९ जानेवारीला पहिली वेळ आली एक मिनिट छप्पन्न सेकंद. अर्जदाराने एक वही केली आणि तारीख व वेळ लिहू लागला. पहिला महिना तो स्क्रीनवर स्वतः बघून आकडा लिहीत असे. १२ फेब्रुवारीला शिडीने स्क्रीन भिंतीकडे फिरवली. म्हणाला, “आकड्याकडे बघतोस म्हणून तुझी मान खाली जाते आणि खांदे कानाला टेकतात. आकड्यांचं मी बघतो. तू डोळे मिटून ओढ.” हे म्हणणे तंत्राच्या दृष्टीने बरोबरही होते. खोट्याला खऱ्याचे अस्तर असले की ते अंगाला टोचत नाही, हे अर्जदारास आता कळले.

५. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, ड्यूटी सुटल्यावर, अर्जदार डोळे मिटून ओढत असे आणि शिडी बाजूला उभा राहून वेळ सांगत असे. एप्रिलमध्ये एक एकोणपन्नास. जूनमध्ये एक सेहेचाळीस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक त्रेचाळीस. प्रत्येक वेळी शिडी “मस्त!” म्हणे आणि पाठीवर थाप मारी. अर्जदार घरी जाऊन पत्नीस आकडा सांगे. पत्नी “वा” म्हणून शिवणयंत्राकडे वळे. चाचणीला दहा दिवस उरले तेव्हा अर्जदाराने विचारले की आणखी जोर लावू का? शिडी म्हणाला, “आता आराम कर. निकाल तुझ्या खिशात आहे.” अर्जदाराने दहा दिवस आराम केला.

६. २० ऑगस्टला आपण स्वतः हजर होतात. अर्जदार हसत हसत मशीनवर बसला, हेही आपण पाहिलेत. वेळ आली एक मिनिट त्रेपन्न सेकंद. अर्जदारास वाटले आपण चुकीचे वाचले. त्याने आपणांस तीनदा पुन्हा वाचायला लावले, त्याबद्दल क्षमस्व. सबंध केंद्र भिंतीला पाठ लावून उभे होते. शिडी बुटांकडे बघत होता. अर्जदारास तेव्हा वाटले की मित्राला आपली लाज वाटते आहे.

७. अर्जदाराच्या तक्रारीवरून १ सप्टेंबरला मशीन तपासायला एक बाई आल्या. वीस वर्षे त्या हीच मशीने दुरुस्त करतात. त्यांनी पंखा फिरवून पाहिला, साखळी पाहिली आणि सांगितले की मशीन ठणठणीत आहे. अर्जदाराने वही पुढे केली. बाईंनी स्क्रीनची बटणे दाबली. पाचशे मीटरची प्रत्येक फेरी तारखेसह मशीनच्या पोटात साठलेली असते, हे अर्जदारास माहीत नव्हते. बहुधा शिडीलाही नसावे. बाई मशीनमधली तारीख वाचू लागल्या, अर्जदार वहीतली. १० एप्रिल, वहीत एक एकोणपन्नास, मशीनमध्ये एक पंचावन्न. १९ जून, वहीत एक सेहेचाळीस, मशीनमध्ये एक चौपन्न. सहा-सात तारखा झाल्यावर बाई थांबल्या. “भाऊ, मशीन बरोबर आहे. वही कुणी सांगून लिहिलीय?” असे त्यांनी विचारले. अर्जदाराने वही मिटली. बाईंनी हत्यारांची पेटी बंद केली, मग पुन्हा उघडली आणि जाण्यापूर्वी दोन गोष्टी दाखवल्या. पंख्याची हवा कमी-जास्त करणारा खटका दहावर ठेवायचा नाही, पाचावर ठेवायचा. दहावर जोर लागल्याचे समाधान मिळते आणि दोनशे मीटरमध्ये माणूस संपतो. आणि ओढताना आधी पाय, मग पाठ, सर्वांत शेवटी हात. अर्जदार सात महिने आधी हातच ओढत होता. शिडी ते बघत “मस्त” म्हणत होता.

८. त्याच दिवशी अर्जदाराने शिडीला नळ्या वाळत घालायच्या खोलीत गाठले. पुढील संभाषण आठवते तसे देत आहे, कारण मागण्यांचा आधार तेच आहे. शिडीने नाकारले नाही. “वहिनींनी सांगितलं होतं,” एवढेच आधी म्हणाला. फेब्रुवारीत अर्जदाराची पत्नी त्याच्या घरी गेली होती. “त्यांना तू टेबलावर हवा होतास. मी म्हटलं, तुला सांगून तू ऐकणार नाहीस. खरे आकडे सांगितले असते तर तू ईर्षेने पेटून शिकला असतास आणि पास झाला असतास. तू हरायला हवं होतं, आणि तेही आनंदात.” मग त्याचा आवाज चढला. “त्या जिन्याखालून तुला मी ओढलंय. तुझा हात आधी हाती लागला आणि तो गार होता. मला वाटलं, संपलं. परत मला ते करायला लावू नकोस.”

अर्जदार ओल्या नळ्यांमधून बाहेर आला. शिडीला तो काहीच बोलला नाही, कारण जे बोलायचे होते ते बोलायला त्याला नेहमी शिडीच लागत असे.

९. घरी पत्नीनेही नाकारले नाही. “हो, मीच सांगितलं,” ती म्हणाली. “गोदाम जळताना दोरीच्या अलीकडे मला चाळीस मिनिटं उभं केलं होतं. तू आत बेशुद्ध होतास, तुला काय माहीत! मी शुद्धीवर होते.” अर्जदाराने विचारले, मला सरळ का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “सांगितलं होतं. तीनदा. तू हसलास.” हे खरे आहे. तरी अर्जदाराचे म्हणणे असे की हसण्याची शिक्षा सात महिने नसते. त्या दिवसापासून अर्जदार बैठकीच्या खोलीत झोपतो. याचा कार्यालयाशी संबंध नाही, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

१०. अभिलेख कक्षात अर्जदार जुन्या आगींचे अहवाल वर्षवार लावतो. भोंगा वाजला की तो खुर्चीतून उठतो. गाडी गेल्याचा आवाज येतो. मग तो बसतो. हे दिवसातून किती वेळा होते ते लिहिण्याची गरज नाही.

११. ४ सप्टेंबरपासून अर्जदार एकटा सराव करत आहे, स्क्रीन समोर ठेवून. खटका पाचावर. सुरुवातीचे तीन स्ट्रोक आखूड आणि झटक्याचे, पंखा जागा होईपर्यंत, मग लांब. ओढताना जीव काढायचा, परत येताना घाई करायची नाही. खिडकीच्या काचेत आपली पाठ बघायची. सप्टेंबरअखेर एक पन्नास झाले, ऑक्टोबरच्या मध्याला एक अठ्ठेचाळीस, आणि तिथे गाडी अडली. एके दिवशी शिडी दारात येऊन उभा राहिला. अर्जदाराने त्याला जायला सांगितले. तो जाता जाता म्हणाला, “तीनशेनंतर तू पाठ वापरायचं सोडतोस. नुसते पाय आणि हात चालतात.” अर्जदाराने दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिले. ते खरे होते. त्या एका दुरुस्तीने दोन सेकंद कमी झाले. ही गोष्ट त्याला सात महिने दिसत होती, आणि सर्वांत जास्त राग अर्जदारास याचाच आला.

१२. वरील परिस्थितीत अर्जदाराच्या मागण्या अशा :
(अ) फेरचाचणीची नव्वद दिवसांची मुदत १८ नोव्हेंबरला संपते. त्यापूर्वीची तारीख मिळावी.
(ब) शिडीचे कपाट अर्जदाराच्या कपाटाशेजारून हलवावे.
(क) कर्मचाऱ्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांच्या सहकाऱ्यांना परस्पर भेटू नये, असे परिपत्रक काढावे.
(ड) व्यायामशाळेत ‘मस्त’ हा शब्द उच्चारण्यास मनाई करावी.
यातील (क) आणि (ड) या मागण्या पुन्हा वाचल्यावर अर्जदारास शोभल्या नाहीत. खोडाखोड नको म्हणून ठेवल्या आहेत. विचारात घेऊ नयेत. (ब) विचारात घ्यावी.

१३. फेरचाचणीच्या नमुन्यावर जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. पत्नीने तो कागद एकोणीस दिवस फ्रिजवर तसाच ठेवला. अर्जदाराने तिच्या जागी सही करण्याचा विचार दोनदा केला, पण सही केली नाही. या घरात आता आणखी एक खोटी गोष्ट मावणार नाही. परवा रविवारी ती न सांगता व्यायामशाळेत आली. तिने याआधी ते मशीन कधी पाहिले नव्हते. बाकावर बसली आणि म्हणाली, “स्क्रीन माझ्याकडे कर. मी वाचते.” अर्जदाराचे मन होत नव्हते. तरी त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि ओढू लागला. शेवटच्या शंभर मीटरमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. थांबल्यावर ती स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, “एक पंचेचाळीस, तीन दशांश.”

म्हणजे तीन दशांश सेकंदाने नापास. दोन सेकंद वाढवून सांगितले असते, तर अर्जदाराने कदाचित नाद सोडला असता. एक सेकंद कमी सांगितला असता, तर तो पुन्हा गाफील राहिला असता. अर्जदाराने धाप ओसरल्यावर उठून स्क्रीन पाहिली, हे तो येथे कबूल करतो. आकडा तोच होता. पत्नीने त्याला पाहताना पाहिले. दोघे बसने घरी आले, शेजारी शेजारी बसून.

१४. अर्जदाराची वेळ आज रोजी मर्यादेबाहेर आहे. ती लपवून तारीख मागावी असे त्याला वाटत नाही. तीन दशांशांची सवलत त्यास नको. आकडा आपण सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, आणि तो जो येईल तो निमूटपणे मान्य करून अर्जदार गाडीकडे किंवा टेबलाकडे जाईल.

तारखेच्या प्रतीक्षेत,
अर्जदार
(सही)
दिनांक : ६ नोव्हेंबर

सोबत :
१) मशीनच्या स्मृतीतील नोंदींची प्रत, दुरुस्ती करणाऱ्या बाईंच्या सहीने.
२) अर्जदाराची वही (मूळ). परत मिळाली नाही तरी चालेल.
३) नातेवाइकाचे संमतिपत्र. पत्नीने काल सही केली असून सहीच्या आधी ‘नाइलाजाने’ असे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. तो शब्द कार्यालयाने खोडू नये.