तीनशे चाळीस वासरांची वंशावळ

ताक्वारेंबो, ३ ऑक्टोबर १९९६

ती. अपारिसिओदादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कागदावरच, प्रत्यक्षात आज माझी मान ताठ आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस हे वहिनीने कळवले आहे, तेव्हा उत्तरात थापा नकोत.

पशुपालक संघाच्या कचेरीत मंगळवारी काय घडले ते दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहिते. शनिवारी आमचे प्रदर्शन. वंशावळीचा दाखला नसेल तर वासरू रिंगणात येत नाही, मग ते कितीही देखणे असो. गेल्या तीन आठवड्यांत मी तीनशे चाळीस वासरांच्या नोंदी संगणकात केल्या, बहुतेक सगळ्या लांबच्या कुरणांवरून रेडिओवर ऐकून. म्हणजे कागद नाहीतच. (आपल्या गुराख्यांच्या हाती कागद पडला तर ते त्यात तंबाखू वळतात.)

मंगळवारी मी जेवायला गेले आणि आमचे संचालक वॉशिंग्टन एचेवेरी यांनी वळूंच्या फोटोंसाठी संगणकात जागा करायचे मनावर घेतले. (सर्वाधिकाराचा पासवर्ड त्यांनी हुद्द्याच्या जोरावर माझ्याकडून घेतलेला.) युनिक्समध्ये प्रत्येक फाइलपुढे तिच्या मालकाचे नाव दिसते, हे मीच त्यांना शिकवले होते. चाळीस वर्षे गुरांत काढलेला माणूस. जनावरावरचा डाग बघावा तसे त्यांनी नाव बघितले. हजारो फाइलींवर एकच मालक: रूट. आता रूट म्हणजे खुद्द यंत्रणेचा कारभारी. पण साहेबांनी सभासदांची यादी चाळली, पगारपत्रक चाळले, या नावाचा इसम सापडेना. आपल्या कुरणात परक्याची गुरे चरताहेत म्हटल्यावर एचेवेरी घराण्यात तीन पिढ्या जे करतात तेच त्यांनी केले. हाकलून दिली.

मी परतले तर स्वारी खुशीत. “नेलिदाबाई, बेवारस माल काढला बघा. मशीन हलकं झालं असेल.” मशीन इतके हलके झाले होते की ते उठेचना.

मॉन्टेव्हिडिओच्या तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, “बाई, बॅकअपची अख्खी टेप ओता नि मोकळ्या व्हा.” टेप तीन आठवड्यांपूर्वीची. अख्खी ओतली असती तर नोंदवहीही तीन आठवडे मागे गेली असती आणि तीनशे चाळीस वासरे परत पोटात. साहेब मात्र तयार: “ओता, ओता! शनिवार तोंडावर आलाय!” मी फोन ठेवला. छप्पर उडाले तर छप्पर घालावे, घरातली माणसे कशाला बदलायची? डिस्कचे दोन भाग मी पहिल्या दिवशीच भांडून करून घेतले होते, एकात यंत्रणा, दुसऱ्यात नोंदी. मूळ चकतीवरून मशीन उठवले, नोंदींचा भाग जोडलाच नाही, आणि टेपवरून फक्त यंत्रणा उतरवली. दोन तास लागले. साहेब काखेत थर्मास धरून माझ्या पाठीशी नळीने कडू माते-चहा चोखत उभे.

“जगतील का हो वासरं?”

“तुमचा हात लागला नाही तर जगतील.”

जगली. मोजून तीनशे चाळीस. साहेबांनी टोपी काढली (ती ते एरवी फक्त चर्चमध्ये आणि उत्तम वळूसमोर काढतात) आणि म्हणाले, पशुवैद्याच्या बापाला हे जमले नसते. यंत्रणेबरोबर पासवर्डही तीन आठवड्यांपूर्वीचे परत आले. साहेबांना त्यांचा जुना आठवत नाही. “अरे, मी संचालक आहे!” असे ते पडद्याला दोन दिवस सांगताहेत. नवा करून द्यायला मला एक मिनिट लागेल. शनिवारनंतर देईन.

तुझी,
नेलिदा

ता. क. टेप तीन आठवडे जुनी का, असे विचारशील. दर शुक्रवारी ती करणे माझे काम. रेडिओच्या गडबडीत राहिले. साहेबांनी अजून विचारलेले नाही. तू त्यांच्याबरोबर मासे धरायला जातोस, तिथे तोंड बंद ठेव.

आणखी ता. क. रविवारी आईला नव्वदावे लागते. तिला भेट म्हणून मी आपल्या घराण्याची वंशावळ लिहीत होते, आणि कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून रूटच्या खणात, म्हणजे यंत्रणेच्या भागात ठेवली होती. (तिथे स्वतःचे काही ठेवू नका, असे मी सगळ्यांना दरडावते.) साहेबांनी ती हाकलली, आणि टेपवरून परत आली ती फक्त वडिलांच्या बाजूची, आईची बाजू मी नंतर लिहिली होती. तेव्हा आईला सहज बोलते करून तिच्या मावश्या, मामा, आजोबा यांची नावे व जन्मसाल शनिवारच्या बसने पाठव. तूर्त या कचेरीत तीनशे चाळीस वासरांना दोन-दोन आज्या आहेत. आपल्याला मात्र एकच.