तीन की पाच

४ मे २००९, सोम.

वाशीच्या व्हिडिओ गेम स्पर्धेचं नक्की झालं. ३१ तारीख, रविवार. दोघादोघांची जोडी, आणि मारामारीच्या आमच्या गेमच्या पाच भागांपैकी ज्यात नाव द्याल त्यातच शेवटपर्यंत खेळायचं. यंदा कुठलीच चाल बंद नाही म्हणे. असू दे. पनवेलहून रौफचाचांच्या गेम पार्लरमधून मी आणि सादिक, त्यात वादच नाही. वाद भागाचा. मी तीन म्हणते, तो पाच.

गेल्या वर्षी नेरूळच्या त्या टोणग्याने मला हरवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घरी भांडी राहिलीत का ताई?" अख्खा हॉल फिदीफिदी. तेव्हापासून रोज एकदा तरी मनातल्या मनात त्याचे दात पाडते. तो फक्त तीन खेळतो. मग मलाही तीनच पाहिजे.

६ मे, बुध.

ऑफिस सुटल्यावर थेट पार्लर. सा.शी (सादिक लिहायचा कंटाळा) कडाक्याचं भांडण. माझं म्हणणं साधं आहे. एक म्हणजे नुसती बटणं बडवा. दोनमध्ये ती वेणीवाली फायटर घेतली की समोरचा मेलाच, मग खेळायचं कशाला. चार दिसायला झकास, आत भुसा. पाचमध्ये ब्लॉक, म्हणजे बचाव, जास्त वेळ धरला की फुटतो, म्हणून सारखं बैलासारखं अंगावर जावं लागतं. तीनमध्ये फुटत नाही. दम धरून बसायचं, समोरचा चुकला की बरगडीत अशी लाथ घालायची की हाड वाजलं पाहिजे. खरा खेळाडू तीनमध्येच कळतो.

सा. म्हणे, "मानसी, तुझ्या तीनात दोघं घाबरून बसतात, बस. पाचात लढावं लागतं." पाठीत एक गुद्दा घातला त्याच्या. "हर वक्त हाच जवाब तुझा," म्हणाला आणि पाठ चोळत बसला.

कुवेतचा व्हिसा आलाय त्याचा. जूनमध्ये जाणार, मामूच्या दुकानात. म्हणजे आमची ही शेवटची वाशी. बोलत नाही आम्ही त्यावर.

९ मे, शनि.

आज एक नवा आला. संतोष, गव्हाणचा. दारातूनच, "मी खेलू काय?" म्हटलं ये, आज कुणाला तरी झोडायचंच होतं. तीन लावला. नेहमीसारखी ब्लॉक धरून बसले. याने गेममधला टकल्या पैलवान घेतला, आरामात चालत आला, मला उचललं आणि आपटलं.

थ्रो!! आमच्याकडे थ्रो बंद. ब्लॉक धरलेल्याला उचलून आपटायचं म्हणजे रडीचा डाव. पूर्वी कधीतरी त्यावरून डोकी फुटली, तेव्हापासून चाचांनी बंदच केलाय. मी उठायच्या आत याने परत उचललं. परत. कोपऱ्यात नेऊन मरेपर्यंत तेच.

"इथे थ्रो चालत नाही," मी.

"गेममधी हाय ना? मंग चालत नाय कसा?" आणि हसला.

ते हसणं. पुढचं धड आठवत नाही. कंट्रोलर हातात होता, तो त्याच्या भुवईवर बसला. रक्त भळाभळा, शर्टावर, फरशीवर. चाचा, "या अल्लाह, लडकी है के क्या है!" सा.ने मला मागून धरलं म्हणून, नाहीतर दुसराही घातला असता.

वाईट वाटलं? नाही. बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१० मे, रवि.

भुवईला टाके पडले त्याच्या. संध्याकाळी त्याचा मोठा भाऊ आला, आणखी दोघं, हातात हॉकी स्टिका. "कोन ती पोरगी?"

"मी," म्हटलं आणि उभी राहिले.

"बाईवर हात नाय टाकत आमी," म्हणाला आणि टीव्ही फोडला. काच सगळीकडे. दुसरा फटका माझ्याजवळच्या काउंटरवर येत होता. त्याला मला मारायचं होतं असं नाही, पण सा.ने हात मध्ये घातला. उजवा अंगठा. तो आवाज मी ऐकला. मग मी त्या भावाच्या मनगटाला चावले, सोडलंच नाही. तोंडात रक्त, त्याचं की माझं देव जाणे. चाचा दोघांच्या मध्ये पडले, हात जोडले, शटर ओढलं.

आता रडतेय. रागानं की कशानं, कळत नाही.

१२ मे, मंगळ.

अंगठा मोडलाय. प्लास्टर. सा.ची अम्मी दारात आडवी उभी. "इतकी शिकलेली पोरगी, आणि ही तऱ्हा?" खरंच होतं. आतून सा. ओरडला, "अम्मी, येऊ दे तिला, नाहीतर दरवाजा तोडेल."

मला म्हणतो, वाशीला तू जा, त्या गव्हाणवाल्याला घेऊन. म्हटलं, त्यापेक्षा जीव देईन.

"दुसरा आहे कोण?"

नाही ना कोणी. तेच तर.

१६ मे, शनि.

चाचांनी मध्यस्थी केली, पोलीस-बिलीस काही झालं नाही. मग मी गव्हाणला जाऊन आले. संतोष ओट्यावर, आई शेजारी मासळी कापत बसलेली. "हीच काय ती?" विळी सोडून उठली नाही, पण माझ्यावरची नजरही हलवली नाही. माफी मागितली, वाशीला जोडीला येशील का विचारलं. भाऊ मनगटाला फडकं बांधून आत फेऱ्या मारत होता.

संतोष म्हणाला, "येतो मी. पन थ्रो चालू ठेवायचा." भुवई काळीनिळी, अजून सुजलेली. बघवेना, म्हणून त्याच्या पायांकडे बघून हो म्हटलं.

२१ मे, गुरु.

चाचांनी घरचा जुना टीव्ही आणून लावलाय. रोज थ्रो चालू ठेवून खेळतोय.

तीन संपला. अक्षरशः संपला. ब्लॉक धरा, तो उचलतो. सुटायची सोयच नाही त्यात. कोपऱ्यात गेलात की मेलात. इतकी वर्षं मी ज्याला डोक्याचा खेळ म्हणून डोक्यावर घेतलं, तो आमच्या बंदीमुळे डोक्याचा होता. गेम तसा नव्हताच मुळी! दोन घरं सोडून कुठे खेळले असते तरी कळलं असतं.

आणि पाच? पाचमध्ये उचलताना वेळेवर बटण दाबलं की सुटता येतं. मग सुटणाऱ्याला फसवता येतं, फसवणाऱ्याला ठोकता येतं. कुठल्याच चालीला गेम संपत नाही. आज संतोष आणि मी त्यात एकमेकांना इतकं तुडवलंय की दोघं घामाघूम, हरलो तरी हसत होतो.

सा. बरोबर होता. त्याला सांगणार नाही. मेला जन्मभर चिडवेल.

२७ मे, बुध.

संतोष तीन म्हणतोय. "तीनात कोन वाचनार नाय ताई. सगल्यांना आपटू. पाचात आपलं काय खरं नाय." त्याचंही बरोबर आहे. वाशीला येणाऱ्यांनी आजवर थ्रो बंद ठेवूनच खेळलंय, आमच्यासारखं. त्यांना काय होतंय हे कळायच्या आत मरतील. आणि टोणगा तीनमध्येच असणार. सुटता न येणारा टोणगा. विचारानंच मुठी वळतात.

पण तो खेळ नाही. नुसती मारहाण आहे.

३१ मे, रवि. वाशी.

हॉलच्या जिन्यावर बसून लिहितेय. सा. प्लास्टर मिरवत आलाय, नुसतं बघायला. टोणगाही आलाय. मला बघून त्याने मित्राला कोपर मारलं, दोघं हसले. तीनच्या रांगेत तो. पाचच्या रांगेत ते कल्याणचे दोघं, सा. ज्यांच्याबद्दल वर्षभर बोलतो ते. बिचारा तिकडेच बघत होता.

टेबलावरच्याने विचारलं, कुठला भाग? संतोषने माझ्यावर सोडलेलं. तू बरोबर होतास, हे सा.ला सांगायचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

"तीन," म्हटलं.

नंतर सा.ला विचारलं, चुकलं का रे माझं? तर म्हणतो, "नाही गं. मीपण हेच घेतलं असतं."

खोटं बोलतो मेला. पाचच घेतला असता त्याने, हरला असता, आणि पनवेल येईपर्यंत बसमध्ये एकेक लढत रंगवून सांगत हसला असता. शुक्रवारी विमान आहे त्याचं.

नाव पुकारलं आमचं. पहिलीच लढत टोणग्याशी. सा. वही-पेन सांभाळायला मागतोय, जाते.