नवनाथचा डबा

एस्तेर बाळा, सलाम.

तू मारुंजीला राहायला गेल्यापासून माझा फोन उचलत नाहीस. चाकणच्या कंपनीत ज्याच्या फोर्कलिफ्टखाली पप्पा गेले, त्या नवनाथला मी जेवण देते, हे तुला सहन झालं नाही.

त्याची नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. इथे दापोडीत, आपल्याच गल्लीत, तो दार लावून उपाशी पडून होता. पहिल्यांदा डबा नेला तेव्हा रडत म्हणाला, "काकू, शिव्या द्या, पण जेवू घालू नका."

मी म्हटलं, "आधी जेव."

चर्चमधल्या बायका म्हणतात, मार्थाबाईंनी त्याला माफ केलं. तुलाही तसंच वाटतं. खरं सांगू? अजून माफ करता आलेलं नाही. रोज भाकरी थापताना प्रार्थना करते, तरी त्याचं तोंड दिसलं की अंगाची आग होते. डबा हातात देते आणि मागे न बघता परत येते.

हे तुला कळलं तर तू म्हणशील, "मग जातेस कशाला? बंद कर, मी घरी येते." आणि तू येणार म्हटल्यावर मी खरंच बंद करीन, बाळा. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

प्रभू तुला सांभाळो.

तुझी आई