सोमवारच्या अंकातले चार गुण

आल्डेरवर्ट, ५ मार्च २०२४

चि. वोबे यास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. पोचतील तेवढे घे.

कालच्या अंकात वाचलं, की आपल्या गावचं फुटबॉलचं मैदान मोडून तिथे साठ घरं बांधायचा प्रस्ताव नगरपालिकेत आलाय, आणि तो आणणारा कारभारी माझा सख्खा भाऊ आहे. बारा वर्षं हेगमध्ये खासदारकी करून परत आलास तो आमच्या उरावर बसायला? आणि आपला संघ म्हणे टेरवर्डच्या संघात विलीन होणार. टेरवर्ड! लहानपणी त्या गावाचं नाव निघालं तरी तू थुंकायचास.

सकाळी मैदानावर जाऊन आलो. पॉप्लरच्या रांगेत वारा बोलत होता. मास्तर आपल्याकडून एक कविता म्हणवून घ्यायचे, आठवते? झाडं म्हणजे तिकीट न काढता उभे राहिलेले प्रेक्षक, अशी काहीशी. त्यांनी स्वतःच रचलेली, वृत्तात जरा लंगडी. मला अजून सगळी येते. बाबा चुन्याचा गाडा ढकलत रेषा मारायचे आणि आपण दोघं मागून, रेषेवर पाय न पडू देता चालायचो. त्या रेषांवर आता न्हाणीघरं येणार.

पंचेचाळीस वर्षं मी वर्तमानपत्रात खेळाडूंना दहापैकी गुण देत आलो. या शनिवारच्या सदरात तुला देणार आहे. तीन. शिवाय इथे घरोघरी संडासात टांगलेला असतो त्या वाढदिवसांच्या तक्त्यावरून तुझं नाव खोडलंय.

लोभ असावा की नसावा, ते प्रस्तावावरच्या अठ्ठावीस तारखेच्या मतदानानंतर कळवीन.
गोसे


नगरपालिका कचेरी, ११ मार्च

श्री. गोसे हुकेमा यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. शनिवारचे तीन गुणही पोचले. माझ्या शिपायाने ते मोठ्याने वाचून दाखवले.

आपल्याकडून गुण मिळायची माझी ही दुसरी वेळ. पहिली १९७९च्या मे महिन्यात. जिल्हा चषकाचा अंतिम सामना होता आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. एका मोठ्या संघाचा माणूस राखाडी रेनकोट घालून कुंपणाला टेकला होता, मला बघायला आलेला. सोमवारच्या अंकात आपण छापलंत: वो. हुकेमा, ४. त्या माणसाचा फोन कधी आला नाही. मी कायदा शिकलो, राजकारणात शिरलो. सख्ख्या भावाने ज्याचे पाय कापले तो माणूस मी, हे प्रत्येक प्रचारसभेत सांगितलं. लोक हसले, मतं पडली. मी हसलो नाही.

चुकांची दुरुस्ती छापायला आपल्या वर्तमानपत्रात एक चौकट असते. तिच्यात तेवढा आकडा दुरुस्त करा. मी प्रस्ताव मागे घेतो.

कळावे. लोभ हा विषय या कचेरीच्या अखत्यारीत येत नाही.
वो. हुकेमा


आल्डेरवर्ट, १३ मार्च

वोबे,
आशीर्वाद संपले.

मला 'आपण' म्हणतोस? ज्याचं नाक मी पुसलं, तो? एका आकड्यासाठी अख्ख्या मैदानाचा सौदा! तुमच्या हेगमध्ये याला तडजोड म्हणत असतील. इथे याला लाज सोडणं म्हणतात.

पंचेचाळीस वर्षांत माझा एकही आकडा त्या चौकटीत गेला नाही. भाऊ म्हणून सात दिले असते, तर जिल्हाभर हसं झालं असतं. दिसलं ते लिहिलं. चार म्हणजे चार.

उत्तर लिहायची तसदी घेऊ नकोस.
गोसे


आल्डेरवर्ट, २४ मार्च

चि. वोबे यास,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

सोबत कालच्या अंकातलं कात्रण आहे. 'दुरुस्ती: २१ मे १९७९च्या अंकात वो. हुकेमा यांच्या नावापुढे ४ऐवजी ८ वाचावे.'

'दिसलं ते लिहिलं' हे खोटं होतं. त्या शनिवारी कालव्यावरचा पूल वाळूच्या बोटीसाठी वर गेला आणि तिथेच अडकला. मी सायकल धरून पलीकडे उभा. पाण्यातून ढग इतके सावकाश चालले होते, की मास्तरांची कविता सारखी ओठावर येत राहिली, आणि खरं सांगतो, मला घाईच वाटली नाही. पोचलो तेव्हा शेवटची दहा मिनिटं उरली होती. कँटीनमध्ये कॉफी ओतणाऱ्या आफ्केला विचारलं, माझा भाऊ कसा खेळला. ती म्हणाली, झोपेत चालतोय नुसता. तिच्या शब्दावर मी चार लिहिले.

हे सगळं संपादिकेला सांगावं लागलं. ती म्हणाली, न पाहिलेल्या सामन्याला गुण देणाऱ्याचं सदर आता नको. तेव्हा कालचं सदर शेवटचं.

बाबांचा चुन्याचा गाडा अजून शेडमध्ये आहे. मैदान वाचव. बाकी काही मागत नाही.
गोसे


टेरवर्ड रस्ता, ३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. बऱ्याच वर्षांनी घरचा कागद वापरतोय.

परवा प्रस्ताव मागे घेतला. हुकेमा मंडळी गाव आपसात वाटून घेतायत, असं टेरवर्डचा सभासद ओरडला. घरं आता माझ्या खिडकीसमोरच्या कोबीच्या शेतात होतील. पुढच्या वेळी पक्ष मला उभं करणार नाही.

आता ऐक. चार बरोबर होते. पूर्वार्धात माझा पाय चेंडूला लागला असेल तर चुकून. मध्यंतरात तो रेनकोटवाला माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, पोरा, अभ्यास सोडू नकोस. तेव्हा तू बहुतेक ढग बघत होतास. सोमवारी तुझा आकडा छापून आला आणि मला बरं वाटलं. दोष द्यायला माणूस मिळाला. त्या माणसाच्या जोरावर मी चार निवडणुका जिंकलो. तुझं सदर जाईल हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मागितलं असतं का, ते मला विचारू नकोस.

आफ्केला खेळ कळत होता. तिला नऊ. बातमीदार म्हणून तुला चार, आणि हा आकडा दुरुस्त होणार नाही.

सात एप्रिलला माझा वाढदिवस. तू खोडलायस म्हणून कळवतो. सकाळी दहा वाजता कॉफी. केकचा तुकडा एकच मिळेल, जास्त मागायचा नाही. पूल वर गेलेला असला, तर मागे फिरू नकोस. मी अलीकडच्या काठावर उभा असेन.

तुझा,
वोबे