तुझ्या भावोजींची तयारी

ता. ४ मार्च

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. काही होत नाही, भूल म्हणजे नुसती झोप असते, हे तूही लिहावंस? शेजारीण तेच म्हणते, सर्जन तेच म्हणतो, फोटोफ्रेम न्यायला आमच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. झोप मला माहीत नाही का! झोपेत मी कूस बदलते, पांघरूण ओढते, दार वाजलं तर उठते. इथे एक सुई टोचणार आणि पुढचं काही माझ्या हातात नाही. उठले नाही, तर उठले नाही हेसुद्धा मला कळणार नाही. मला भीती वाटते ती त्याची, पोट कापण्याची नाही. पण बोलायची सोय नाही. तोंड उघडलं की सगळे हसतात.

पित्ताशयातले खडे आता काढायलाच हवेत, पुन्हा दुखणं उठलं तर जिवावर बेतेल, असं सर्जनने बजावलंय. तरी परवा तपासणीच्या खोलीतून मी चपला घालून सरळ घरी आले.

आणि तुझे भावोजी! मी नसले तर यांची अडचण नको, म्हणून सगळं शिकवायला घेतलं. वाटलं, वर्ष तरी लागेल. ज्या माणसाला लग्नापासून स्वतःचे मोजे सापडले नाहीत, तो आठवड्यात कपड्यांचं मशीन चालवतोय, स्वयंपाक करतोय, मागची काच कापायची खोली सोडून पुढे गिऱ्हाइकांशी हसून बोलतोय. वर शिट्टी वाजवतोय! काल शेजारणीला ऐटीत सांगितलं, म्हणे आता हिच्यावाचून माझं काही अडणार नाही. घ्या! मी अजून बसलेय इथे. एवढी घाई असेल कोणाला, तर मी ऑपरेशन करतच नाही.

कळावे. तुझ्यावर रागावलेय, लोभ मात्र होता तेवढाच आहे.

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं खरमरीत पत्र पोचलं. ताईला घालवायला निघालात का, असं विचारलंस. आता माझंही ऐक. मागची काळजी नसली तर ती मोकळ्या मनाने टेबलावर जाईल, असं मला वाटलं, म्हणून शिकलो. शिट्टी वाजवतो ती आवाज कापरा होतो म्हणून. दुपारी तिचा जरा डोळा लागला की काम टाकून बघून येतो, श्वास चाललाय ना.

सगळं शिकवून झाल्यावर तिने स्वतःचा फोटो हातात दिला. म्हणाली, आत्ताच मढवून ठेवा, मागाहून फ्रेमला भलतीच पट्टी लावाल. हद्द झाली! जन्मभर काच कापणारा माणूस मी. एकामागून एक काचा वाया गेल्या, पट्टीचे कोपरे जुळेनात. तिला सांगितलं, माल संपलाय. संतापलोय मी तिच्यावर, धाकटे, भयंकर संतापलोय. पण आजारी बाईवर ओरडायचं कसं? यातलं तिला काही कळवू नकोस.

लोभ आहेच, पत्रात शिव्या कमी केल्यास तर वाढेलही.

तुझा,
भावोजी

ता. १२ मार्च

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

शिव्या मागे घेते. पण हे मला लिहून काय उपयोग? तिला वाटतंय, तुम्ही तिला निरोप देऊन मोकळे झालात. काही होत नाही म्हणणारे आम्ही सगळे आहोतच, त्यात मीही मूर्खासारखी सामील झाले. मलाही भीती वाटते म्हणणारा एक तरी माणूस तिला भेटू दे. ओरडायचंय तर ओरडा. आमच्या घरात ओरडलेलं कळतं, गप्प बसलेलं कळत नाही.

माझ्यावर राग नसावा; असलाच तर तिकडे काढावा.

आपली,
धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

उठले. सोमवारी दुखणं पुन्हा उठलं, मग हो-नाही करायला वाव उरला नाही. काल ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी थेट विचारलं. काही होत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, धोका थोडा असतोच; पण तुम्ही उठेपर्यंत मी उशाशीच असणार, माझं कामच ते. एवढी साधी गोष्ट मला आधी एकानेही सांगू नये?

आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तुझे भावोजी कडाडले! माझं स्ट्रेचर ढकलणारा जागच्या जागी थांबला. म्हणाले, भीती मलाही वाटते, हसायचं त्याने हसावं. शिकलो ते तुझ्या समाधानासाठी, एकट्याने यातलं काही करायला नव्हे. फोटोबिटो मढवून मिळणार नाही. आणि उठली नाहीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!

मी उत्तर देणार, तोवर दार लागलं. यांचं बोलणं मी आजवर असं वरचढ राहू दिलेलं नाही. डॉक्टरीणबाई आकडे मोजायला सांगत होत्या आणि मी मनात उत्तर जुळवत होते. मग एकदम कोणीतरी गाल थोपटायला लागलं. घसा कोरडा, आवाज फुटेना. यांनी माझ्या तोंडाशी कान आणला, तेव्हा विचारलं, की अहो, उठले नसते तर न बोलायला तरी मी कुठे सापडणार होते? त्यावर हे भर वॉर्डात रडले गं. मीही रडले.

लोभ असाच राहू दे, आणि अक्षर सांभाळून घे. डाव्या हाताने लिहितेय. उजवा यांनी धरून ठेवलाय, आणि खुर्चीत बसल्या बसल्या यांना झोप लागलीय. उठवत नाही.

तुझी,
ताई