कानबाईच्या श्रावणातील साक्ष

धुळे,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. बेबा हिस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद. शस्त्रक्रियेनंतर तुला स्वच्छ दिसू लागल्याचे तुझ्या नूतनकडून कळले. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. लेकीकडून वाचून न घेता हे पत्र तू स्वतः वाचावेस. माझी साखर आटोक्यात आहे. गुडघ्यांविषयी लिहिण्यासारखे काही उरलेले नाही.

कालचा दिवस तू पाहायला हवा होतास!

तुला ठाऊक असलेले थोडे पुन्हा मांडतो, कारण मांडणी अपुरी राहिली की निष्कर्ष लंगडा पडतो. तुझा ललित चोपड्याच्या नगराध्यक्षपदाला उभा आहे. १९९९च्या ऑगस्टमध्ये आपण कारगिलकडच्या चौकीवर होतो, असे तो सांगतो. त्याच्या सेवापुस्तिकेप्रमाणे त्या महिन्यात तो लष्कराच्या डेपोत होता. चौकीवरच्या तात्पुरत्या रवानगीची नोंद कोणी केलीच नाही. म्हणून विरोधकांनी फलक लावले: ललितला तेव्हा सीमेवर पाहणाऱ्यास एक लाख रुपये. साक्षी तपासण्यासाठी त्यांनी माझेच नाव सुचवले. बहिणीशी बोलत नाही तो भाच्याची गय कशाला करील, असा त्यांचा हिशेब होता. पुरावा कायदा तीस वर्षे शिकवलेला मी, हो म्हणालो.

काल चोपड्याच्या भरल्या सभागृहात बक्षिसाच्या आशेने आलेल्या दोघांची वासलात दहा मिनिटांत लागली. एकाने तर मला चौकीभोवतालच्या वाळवंटाचे वर्णन ऐकवले. मग विरोधकांनी तुझ्या शेजारच्या ताईबाईंना उभे केले, आणि सभागृह सावरून बसले. त्या वर्षी श्रावणात कानबाईच्या सणाला ललित घरीच होता, असे त्या ठामपणे म्हणाल्या. कशावरून, असे मी विचारले.

“बेबाअक्कानी रोटना गहू काढात. लल्याना नावनी मूठ काढी, मी मन्हा डोयाघाई देखी.”

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ निघते. मूठ निघाली म्हणजे माणूस घरात होता. विरोधकांचे वकील तेजसराव समाधानाने पाणी प्याले. मी ताईबाईंना त्यांच्या मुलाची, वनाची, खुशाली विचारली. तो सुरतेला गिरणीत आहे. यंदा कानबाईला आला होता का, असे मी विचारले.

“नही ऊना. सुट्टीच नही भेटनी.”

“मग यंदा त्याच्या नावाची मूठ काढली नाहीत?”

“काढी ना! तो काय परका शे?”

बेबा, अख्खे सभागृह हसले. ताईबाई स्वतःही हसल्या आणि तेजसरावांना म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुम्हीन मले हाई आधी इचारं नही.” तीस वर्षांच्या अध्यापनात इतकी निर्दोष उलटतपासणी माझ्या हातून झाली नव्हती. मला विशीतल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.

तथापि, ललित घरी होता हे सिद्ध न होणे आणि तो चौकीवर होता हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेजसरावांनी तेच म्हटले, आणि ते योग्यच होते. म्हणून मी ललितला विचारले, त्या महिन्याचा काही लेखी पुरावा आहे काय?

तो उभा राहिला. त्याने माझ्याकडे नीट पाहिले.

“माझ्याकडे नाही,” म्हणाला आणि बसला.

त्या उत्तरातला नेमकेपणा सभागृहात एकाच माणसाला कळला. मी सुनावणी बुधवारपर्यंत तहकूब केली आणि पहिल्या गाडीने धुळे गाठले.

त्या वर्षानंतर ललितने माझ्याकडे येणे सोडले, तेव्हा तू विचारले होतेस, “नाना, तू माझ्या पोराला काय बोललास?” मी म्हणालो, काहीही नाही. तुझा विश्वास बसला नाही, आणि आपले बोलणे तिथे थांबले. माझे उत्तर शब्दशः खरे होते. मी खरोखर काहीही बोललो नव्हतो.

त्याने मला पत्र लिहिले होते. त्यावर लष्करी टपालाचा शिक्का आहे, तारीख २४ ऑगस्ट, कानबाईच्या रविवारानंतर दोन दिवस. युद्ध संपल्याचे वर्तमानपत्रे लिहीत होती. त्या चौकीवर तोफा थांबल्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या मुलाने लिहिले होते: “मामा, शेजारचा पोरगा दुपारी माझ्याशी बोलत होता, संध्याकाळी तो नव्हता. माझ्याने होत नाही. कोणाशी ओळख असेल तर मला परत बोलवा. आईला सांगू नका.”

मी उत्तर पाठवले नाही. ज्याने स्वेच्छेने भरतीच्या कागदावर सही केली त्याने तक्रार करू नये, असा माझा युक्तिवाद होता. पत्र मात्र फाडले नाही. त्याच्या भित्रेपणाचा पुरावा म्हणून मी ते सव्वीस वर्षे कपाटात ठेवले. तोच कागद आज तो तिथे होता याचा एकमेव पुरावा आहे, कारण जो तिथे नव्हता त्याला असे भय वाटू शकत नाही. एवढे साधे अनुमान मला काल दुपारी सुचले.

आज सकाळी ललितला फोन केला. पत्र सभेत वाचून दाखवू का, असे विचारले. तो म्हणाला, “वाचा मामा. पण आधी आईला.”

ते पत्र सोबत आहे. माझा शेजारी जीवराम आज ते भडगावला तुझ्या हाती देईल आणि तुझे वाचून होईपर्यंत थांबेल. सभेत वाचू नये असे तुला वाटल्यास त्याच्याजवळ निरोप दे. मी ते मानेन. वाचावे असे वाटल्यास पत्र त्याच्याकडे परत दे आणि बुधवारी अकरा वाजता चोपड्याला ये. न्यायनिवाड्याची खुर्ची मी सोडलेली असेल. साक्षीदाराला ती शोभत नाही. उत्तर का पाठवले नाही, हे तेजसराव विचारतीलच. त्यांना काय सांगावे ते मला अजून ठरवता आलेले नाही. तुला सांगतो: मी चुकलो.

पहिल्या रांगेत बस. ललितच्या बाजूला, माझ्या नव्हे.

तुझ्या प्रश्नाला आज खरे उत्तर देणारा,
नाना