मोटर उपाशी आहे

पौड, ८ जानेवारी २०२५

चि. तमन्ना हिस,
मामूची लाख दुवा. वि. वि.

पोट साफ करायच्या गोळ्यांचं पाकीट वडापावाच्या भावात मिळतं. खरी किंमत मी दुकानात बसून काढली : ईदची बिर्याणी, आपल्या साबीरच्या लग्नातलं जेवण, जिन्यात आलेली चक्कर, आणि मामीच्या ताटातला घास पळवायची तुझी लहानपणची खोड. एवढं तू त्या गोळ्यांपायी मोजलंस.

फोनवर तू ‘जेवले’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. कागदावर खोटं लिहायला हात जड होतो, म्हणून पत्र. तूही पत्रच लिही.

आठवडाभर आमच्याकडं होतीस. भिंतीपलीकडून पाकिटाचं चटचट ऐकत होतो. शेवटी शेवटी ते वाढलं. चाळीस वर्षं पाईप विकतोय, भिंतीला कान लावून गळती सांगतो. भाकरीखाली भाजी दडवत होतीस, तेही पाहिलं. पोट तुंबतं म्हणून गोळी, असं म्हणशील. तुंबलेल्या पाईपमध्ये रोज ॲसिड ओतलं तर पाईपच जाते, बेटा. माझ्याकडं बघ. बासष्टावं लागलं, पोट घड्याळासारखं, पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच. औषधाला कधी बोट लावलं न्हाई.

डॉक्टरांना दाखव, आणि गोळ्यांचा खरा आकडा सांग. रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.
तुझा मौलामामू

महाळुंगे, १९ जानेवारी

प्रिय मामूंना,
तमन्नाचा सलाम. वि. वि.

दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी गेले आणि आकडा सांगितला. तुमच्या कानांनी ऐकलं त्याच्या दुप्पट. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत, रक्त तपासायला पाठवलं. तुमची पाईपही त्यांना सांगितली. हसून म्हणाल्या, मामूंना कळव, पाईप तुंबलेली नाही, मोटर उपाशी आहे. पोटात काही जातच नाही तर आतडं ढकलणार काय? ते सुस्तावतं, मग गोळीशिवाय हलत नाही. आणि गोळीनं वजन उतरतं ते फक्त पाण्याचं.

आता त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जायचं. सुरुवातीचे काही आठवडे पोट फुगणार, पाय सुजणार. मामू, फुगलेलं पोट आरशात दिसलं की घास नकोसा होतो. सगळं तिथंच अडतंय.

तुमच्या घड्याळाबद्दल हसिनामामीला विचारलं. ती नुसतीच हसत राहिली. माया असू द्या.
तमन्ना

पौड, २२ जानेवारी

चि. तमन्ना हिस, दुवा.

आरशावर टॉवेल टाक. आपल्या पाईपांचा टेंपो रोज महाळुंग्याच्या साइटवर येतो, त्यात आजपासून तुझा डबा. मामीनं बिर्याणी कोंबली होती. डॉक्टरबाईंनी थोडं थोडं सांगितलंय म्हणून अर्धी काढली आणि मीच खाल्ली. डबा उघडलास की मिस कॉल दे. तो आल्याशिवाय मी जेवायला बिस्मिल्ला म्हणणार न्हाई. म्हातारा किती वेळ उपाशी ठेवायचा ते तू ठरव. परत आलेला डबा हलवून बघणार, उरलेलं वाजतं.
मौलामामू

महाळुंगे, १० फेब्रुवारी

प्रिय मामूंना, सलाम.

पहिल्या आठवड्यात दोनदा डबा कुत्र्याला घातला. वाजला नसेल. कागद आहे म्हणून सांगतेय. नंतर एकदा जीन्सचं बटण लागेना. खूप रडले. दीड वाजून गेला, तुम्ही ताटावर बसून असाल हे आठवलं, आणि मिस कॉल दिला. भाकरी सगळी खाल्ली.

गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले. काल सकाळी चहानंतर आपोआप झालं. मी घरमालकीण रत्नाबाईंना पेढे दिले. कशाचे ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्यात यालाबी पेढे वाटत्यात व्हय!

जेवण अजून अवघड आहे. पण आज चार वेळा खाल्लं, चार मिस कॉल मोजा.
तुमची तमन्ना

पौड, १७ फेब्रुवारी

चि. तमन्ना हिस, दुवा.

कुत्रा नशीबवान. बाकी पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले आणि मग कपाटाकडं बोट केलं. तू खरं लिहिलंस, आता मीही लिहितो. त्या कपाटावरची तपकिरी बरणी पोट साफ करायच्या चूर्णाची हाय. अकरा वर्षं, रोज दोन चमचे. तुझं पत्र आलं त्या दिवशी बंद केलं. डबा चालूच राहील, तूही चालू राहा.
तुझा मौलामामू

ता. क. आज चौथा दिवस. साडेपाच कधीच वाजून गेले. अजून काही न्हाई.